अळीची बाजू



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानासाठी उभे केले म्हणजे तो महागाई भत्त्यावर तरी बोलेल, नाहीतर कंत्राटी पद्धतीवर तरी, अशी श्रोत्यांची समजूत असते. व्याख्यानमालेच्या चिटणीसांचीही तीच होती. आम्ही त्यांना ‘घरच्या बागेत फुलपाखरे कशी आणावीत’ हा विषय कळवला तेव्हा त्यांनी तो दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग कागदावर लिहिला. कंत्राटी पद्धत आजच्या भाषणात अजिबात येणार नाही असा शब्द मात्र आम्ही त्यांना दिलेला नाही.

आणखी एक खुलासा. ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणाच्या हौसेने नव्हे. आमच्या कामगार वसाहतीतल्या आठ-दहा कुटुंबांनी मिळून हा उद्योग चालवला आहे. त्यांत यंत्रमागावरचे लोक आहेत, एक निवृत्त फिटर आहेत, शिवणकाम करणाऱ्या दोघी भगिनी आहेत. आमच्यापैकी वनस्पतिशास्त्र कोणीच शिकलेले नाही. आमचे स्वतःचे शिक्षण सातवीला थांबले. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कृपेने. तेव्हा शास्त्रीय बाबतीत आम्ही पुस्तकांच्या आधाराने बोलू आणि बागेच्या बाबतीत डोळ्यांच्या.

फुलपाखरे आणायची तर फुले लावावीत, ही सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही, पण निम्मीच खरी आहे. एखाद्या गावात चांगले हॉटेल असले तर वाटसरू तेथे उतरतो, चहा पितो आणि पुढच्या गाडीने निघून जातो. तेवढ्यावर त्या गावाची वस्ती वाढत नाही. वस्ती वाढायची तर मुलाबाळांच्या खाण्याची सोय लागते. फुलातला मध हा फुलपाखराचा चहा आहे. त्याची मुले, म्हणजे अळ्या, मध पीत नाहीत. त्या पाने खातात, आणि वाटेल ती पाने खात नाहीत. एकेका जातीच्या अळीचे ठरलेले झाड असते, किंवा ठरलेल्या कुळातली दोन-चार झाडे असतात. ते झाड मिळाले नाही तर अळी उपाशी मरेल, पण शेजारचे पान तोंडात घेणार नाही. म्हणून मादी अंडी घालण्यापूर्वी पानावर उतरून पाय आपटते. तिची चव घेण्याची इंद्रिये पायांत असतात. पान ओळखीचे निघाले तरच ती अंडे ठेवते, नाहीतर पुढे जाते. आपल्या गच्चीवरच्या कुंड्यांवर एखादे फुलपाखरू पानामागून पानाला स्पर्श करीत हिंडताना आपण पाहिले असेल. ते बागडत नव्हते, घर शोधत होते. कवी मंडळींनी आम्हांला क्षमा करावी.

अळी आणि तिचे झाड यांची ही सोयरीक जगापुढे नीट मांडली ती एका बाईने. मारिया सिबिला मेरियन हे तिचे नाव. जन्म १६४७, जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरी. विद्यापीठाचे दार तेव्हा बायकांना बंद होते. तिने लहानपणी रेशमाचे किडे पाळले आणि मग मिळेल ती अळी घरी आणून वाढवली. १६७९ साली तिने अळ्यांवर पुस्तक काढले. त्यांतल्या चित्रांत अळी, कोष आणि फुलपाखरू हे सगळे ज्या झाडावर ते वाढते त्या झाडासकट एकाच पानावर काढलेले होते. पुढे वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, मुलीला बरोबर घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि तेथल्या किड्यांवरचा तिचा मोठा ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला. बावन्न हे आमच्या आसपासचेच वय. पेन्शनीची चौकशी सुरू करणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगत असतो.

आता आपल्या अंगणाकडे वळू. कोणती झाडे लावावीत?

पहिला मान कढीपत्त्याचा, आणि त्याच्याच कुळातल्या लिंबाचा. ही दोन झाडे आपण आपल्या आमटी-कोशिंबिरीसाठी लावतो, पण त्यांवर हक्क सांगणारी निदान दोन फुलपाखरे आहेत. एक पिवळट-पांढऱ्या ठिपक्यांचे काळे, लिंबाचे फुलपाखरू म्हणून ओळखले जाणारे. दुसरे मोठे काळे, ज्याला हल्ली मराठीत बहुरूपी हे नाव रूढ होत आहे. मादी कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळे, गोल अंडे ठेवते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. ही बाल-अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी अंगावर पांढरा डाग. पक्षी आपलीच घाण कशाला खाईल? वाढत वाढत शेवटची कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून लालसर-नारिंगी रंगाचे दुतोंडी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. वसाहतीतल्या पोरांना हा खेळ फार आवडतो. अळीला आवडत नसावा, म्हणून आम्ही तो दिवसाला एकदाच असा नियम केला आहे. दोन-तीन आठवडे खाऊन झाले की अळी एखाद्या काटकीला कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून टेकते आणि तिचा कोष होतो. झाडावर चढून तारेचे काम करणारा लाइनमन पट्टा बांधून मागे रेलतो, तशी तिची बसण्याची ढब असते. कोष सभोवतालच्या रंगाप्रमाणे कधी हिरवा, कधी तपकिरी होतो. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, तो फुटतो.

आपल्या राज्याचे फुलपाखरू, म्हणजे २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य-फुलपाखराचा मान दिला ते निळे-काळे मोठे फुलपाखरू, राणी पाकोळी, हेही लिंबू-पपनसाच्या कुळावरच वाढणारे आहे. राज्याचे असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ते प्रामुख्याने सह्याद्रीच्या आणि कोकणच्या ओल्या बाजूचे. कोरड्या गावांनी त्याची आस फार धरू नये. लिंबाचे फुलपाखरू मात्र कोठेही येते.

येथे तंटा उभा राहतो. आमच्या वसाहतीत एक मावशी आहेत. त्यांच्या दारातले कढीपत्त्याचे झाड हे त्यांच्या संसारातले एक उत्पन्न आहे; शेजारच्या खाणावळीला त्या रोज जुडी देतात. एके सकाळी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, तुमच्या अळ्यांनी माझा कढीपत्ता बोडका केला.”

“मावशी, सगळाच?”

“एक फांदी केली. सगळा व्हायची वाट बघू काय?”

त्यांचे म्हणणे रास्त होते. त्यांच्या जुडीचे पैसे बुडतात आणि आमच्या डोळ्यांना सुख होते, हा व्यवहार न्याय्य नव्हे. तडजोड अशी झाली की मावशींच्या झाडावरच्या अळ्या आम्ही उचलायच्या आणि सामाईक वाफ्यातल्या कढीपत्त्यावर सोडायच्या. महिनाभर हे चालले. मग मावशींनीच ते बंद केले. फांदी छाटली असता जशी फुटते तशीच ती खाल्ली असता फुटते, हे त्यांनी पाहिले. वाढलेले झाड आठ-दहा अळ्या सहज पोसते. रोप मात्र पोसत नाही. हातभर उंचीच्या रोपाला दोन-तीन अळ्या बोडके करतात, म्हणून लिंबाच्या रोपवाटिकेवाल्याशी आम्ही वाद घालणार नाही. त्याने अळ्या वेचाव्यात. मावशी आता कोष मोजून ठेवतात आणि “माझ्याकडचं जगलं, तुमच्याकडचं पाखरांनी नेलं” असे आम्हांलाच ऐकवतात.

दुसरे झाड रुई. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालतो तीच. तिच्या पानावर काळे-पांढरे पट्टे आणि पिवळे ठिपके असलेली, अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या मिरवणारी अळी दिसली तर ती बिबळ्या कडव्याची, म्हणजे त्या नारिंगी, काळ्या टोकांच्या, संथ उडणाऱ्या फुलपाखराची. रुईचा चीक विषारी. अळी तो पचवते आणि ते विष अंगात साठवते. फुलपाखरू झाल्यावरही ते कडूच राहते. एकदा चोच लावलेला पक्षी पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून ते संथ उडते. पळण्याचे त्याला कारण नाही. रुई दारात लावणाऱ्यांनी चीक डोळ्यांत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. कण्हेरीचेही तसेच. तिच्यावर वाढणाऱ्या तपकिरी ‘क्रो’ फुलपाखराचा कोष चांदीच्या डुलासारखा चकचकतो, पण झाड विषारी आहे. घरात रांगते मूल असेल तर कण्हेर लावू नये. बहाव्यावर आणि टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे होतात. आणि ज्यांच्याकडे फक्त खिडकी आहे त्यांनी एका कुंडीत पानफुटी लावावी. तिच्या जाड पानाच्या आत शिरून एक इवलीशी अळी गर खात राहते. पान बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ. तिचे काळे, पांढरे आणि शेंदरी फुलपाखरू तुमच्या खिडकीतच उपजते.

भाजीवाल्याकडची घोळही कुंडीत लावण्यासारखी आहे, आणि तिच्यामागे एक मोठी गोष्ट आहे. घोळीवर वाढणाऱ्या एका फुलपाखराचा नर काळा असून त्यावर निळसर कडेचे पांढरे डाग असतात. मादी मात्र नारिंगी, थेट बिबळ्या कडव्यासारखी. ती स्वतः कडू नाही. कडव्याचा वेष घेऊन ती पक्ष्यांना चकवते. बहुरूपीच्या काही माद्याही अशाच, ईश्वरीच्या वेलावर वाढणाऱ्या विषारी फुलपाखरांचा वेष घेतात. या सोंगाचे कारण प्रथम उलगडले ते हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज गृहस्थाने. हा कोण होता? लेस्टर शहरात मोजे-बनियन विणण्याच्या धंद्यात उमेदवारी करणारा पोरगा. तेराव्या वर्षी शाळा सुटली. सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत काम, आणि त्यानंतर कामगारांसाठी चालवलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमधले रात्रीचे वर्ग. त्याला आल्फ्रेड वॉलेस भेटला, तोही शाळा लवकर सुटलेलाच. १८४८ साली हे दोघे ॲमेझॉन नदीच्या प्रदेशात गेले. किडे गोळा करून इंग्लंडात विकायचे आणि त्यावर पोट भरायचे, असा बेत. बेट्स तेथे अकरा वर्षे राहिला, १४,००० वर जातींचे नमुने त्याने जमवले, त्यांपैकी सुमारे ८,००० शास्त्राला नवे होते. सोंग घेणाऱ्या फुलपाखरांवरचा त्याचा निबंध १८६२ साली छापला गेला. आजही शास्त्रज्ञ त्या सोंगाला बेट्सचेच नाव लावतात. विणकामाच्या धंद्यात हात काळे केलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून किती बरे वाटले, ते येथे सांगत बसत नाही.

आता कंत्राटी पद्धत.

एका कारखान्याच्या दर्शनी बागेचे काम कंत्राटावर दिलेले होते. नाव सांगण्याचे कारण नाही. पानाला भोक दिसले की फवारा, असा तेथला शिरस्ता. भोक पाहणारे साहेब खिडकीच्या आत, आणि पाठीवर पंप घेऊन फिरणारा माणूस खिडकीच्या बाहेर. तोंडाला रुमाल, हातांत मोजे नाहीत, अंगातला सदरा औषधाने भिजलेला. आपल्या भाषेत विषाला औषध म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती फार घातक आहे असे आमचे मत झाले आहे. एका दुपारी त्या माणसाला ओकाऱ्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात नेल्यावर तो वाचला. पण तो कामगार कोणाचा, कारखान्याचा की कंत्राटदाराचा, यावर पुढे अकरा महिने कागद फिरत होते. त्या अकरा महिन्यांत त्याच्या घरी चूल कशी पेटली ते आमच्या संघटनेच्या वर्गणीच्या वहीत लिहिलेले आहे. शेवटी भरपाई मिळाली, मागितली त्याच्या निम्मी.

ही एकट्याची गोष्ट नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशीचा प्रश्न वेगळा आहे. बोंडअळीने वर्षाचे पीक नेले तर शेतकऱ्याने काय करावे, हे शहरात बसून शिकवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण गुलाबाच्या पानाला भोक पडल्याने कोणाचे वर्ष बुडते? दर्शनी बागेत, सोसायटीच्या आवारात, नगराच्या उद्यानात पान अखंड दिसावे एवढ्यासाठी एका माणसाने विष अंगावर घ्यायचे, हा हिशेब आम्हांला मान्य नाही. ज्याच्या हातात पंप असतो त्याला भोकाचे सोयरसुतक नसते. ते भोक सहन होत नाही ते आपल्याला. म्हणून आम्ही अळीची बाजू घेतो तेव्हा पंपवाल्याचीही घेत असतो.

डासांच्या धुराविषयी लोक विचारतात. डेंग्यू हा खरा रोग आहे आणि तो आमच्या वस्तीत होऊन गेला आहे. धूर नकोच असे आम्ही म्हणणार नाही. पण धुराआधी पिंपांची झाकणे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि गच्चीवरचे टायर पाहावेत. आठवड्यातून एकदा साठलेले पाणी ओतून दिले तर धुराची निम्मी मागणी कमी होईल.

त्यानंतर एका वर्षी आम्ही मागणीपत्रात अकरावे कलम घातले: वसाहतीच्या कुंपणालगतचा तीन फूट रुंदीचा मातीचा पट्टा फरशी न घालता तसाच ठेवावा आणि त्यावर फवारणी करू नये. वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापनाचे लोक हसले. त्याचे काही वाटले नाही. पण आमच्याच कार्यकारिणीतले दोघे हसले, ते लागले. “पगारवाढ मागायची का फुलपाखरं?” असा सवाल त्यांनी केला. आमचे उत्तर असे होते, आणि अजून आहे, की मालकाच्या बंगल्यापुढे बाग असते तेव्हा तिला कोणी चैन म्हणत नाही. अकरावे कलम मान्य झाले नाही. पट्टा मात्र वाचला, कारण फरशीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला गेला, आणि तो दर वर्षी पुढे ढकलला जात आहे. चळवळीत असेही जय पदरात पडतात. हसणाऱ्या दोघांपैकी एकाने त्या पट्ट्यावर बहावा लावला आहे.

फुलांविषयी थोडे. मोगरा, रातराणी, गुलबक्षी ही रात्रपाळीची फुले; त्यांच्याकडे पतंग येतात, फुलपाखरे नव्हेत. गुलाबाचा उपयोग नाही. भरगच्च दुहेरी पाकळ्यांची कलमी फुले दिसायला छान, पण मधाशी सोंड पोचत नाही. सदाफुली, झिनिया, साधा एकेरी झेंडू, एक्झोरा, पेंटास ही दिवसपाळीची. फुटपाथच्या फटीत उगवणारी एकदांडी उपटू नये. लहान फुलपाखरांची ती खाणावळ आहे. घाणेरीवर फुलपाखरे तुटून पडतात हे खरे, तरी ती लावू नये. अमेरिकेतून आलेल्या या झुडपाने आपली जंगले व्यापली आहेत. भुरुंडी मिळाली तर जरूर ठेवावी. तिच्या सुकलेल्या फांदीवर बिबळ्या कडवा आणि त्याचे भाईबंद, विशेषतः नर, जमून तिचा रस शोषतात. आणि ऊन पाहिजे. थंड अंगाने फुलपाखराला उडता येत नाही. सकाळी ते पंख पसरून ऊन खाते, मग कामाला लागते. म्हणून झाडे पूर्वेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूला लावावीत. एका ताटलीत माती घालून ती ओली ठेवावी. नर तेथे क्षार घ्यायला उतरतात. पाणी साचू देऊ नये, डासांचे वर सांगितलेच आहे.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपावर आधीच औषध मारलेले असू शकते. त्यावर मादी अंडी घालते आणि अळ्या मरतात. तेव्हा शक्यतो बी किंवा फुटवा लावावा. रुईचे बी म्हाताऱ्यांबरोबर फुकट उडत येते. कढीपत्त्याच्या मुळांना जे फुटवे येतात ते मुळासकट अलगद काढून पत्र्याच्या डब्यात लावले की धरतात. डब्याच्या बुडाला भोके पाडायला विसरू नये. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या अळीला खाजेचे केस नसतात. अंगावर चढली तरी भिण्याचे कारण नाही. ज्याला आपण सुरवंट म्हणून घाबरतो तो वेगळा.

आज मे महिना आहे. पाऊस महिन्यावर आला. या पावसात लावलेल्या रोपाकडून पहिल्याच वर्षी फार अपेक्षा करू नये. पुढच्या श्रावण-भाद्रपदात त्यावर अंडी दिसतील. सगळी जगणार नाहीत, फारच थोडी जगतील. मुंग्या नेतात, गांधीलमाश्या नेतात, शिंपी पक्षी आपल्या पिलांसाठी नेतो. त्यात लुडबूड करू नये, शिंप्यालाही घर आहे.

मावशींच्या झाडाचे फुटवे काढून आम्ही चाळीस डबे भरून आणले आहेत. ते बाहेरच्या ओट्यावर, चपला ठेवतात त्याच्या उजव्या हाताला मांडले आहेत. एका घराने एकच न्यावा. पैसे नाहीत, डबा रिकामा झाला की तेवढा परत आणून द्यावा, डबे आम्हांला लागतात.